स्केल-फ्री नेटवर्कचा वाद : पार्श्वभूमी

वेबपासून वीजवाहिन्यांपर्यंतच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या जाळ्यांत, एकच गणिती नियम दिसतो का, हा तो वाद. तो उभा राहिला भौतिकीच्या एका शाखेतून. समाज, बाजार, रोगांच्या साथी, मेंदू अशा विषयांत सांख्यिकीय भौतिकीच्या (असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याच्या अभ्यासाच्या) संशोधकांनी नाक खुपसायला कधी सुरुवात केली, याचे ठरलेले उत्तर ‘गेल्या तीस-चाळीस वर्षांत’ असे असते. देवाणघेवाण त्याहून बरीच जुनी आहे आणि तिची पहिली फेरी उलट दिशेने झाली. 1860 मध्ये वायूच्या रेणूंच्या वेगांचे वितरण मांडले गेले. ते मांडणाऱ्याने माणसांच्या मोजमापांतल्या सरासऱ्या आणि संभाव्यता यांवरच्या एका ग्रंथाचे लांबलचक परीक्षण त्याआधी वाचले होते, आणि त्याची सूत्राची मांडणी त्या परीक्षणातल्या युक्तिवादाशी फारच जुळते, हे विज्ञानाच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. समाजाची आकडेवारी आधी, वायू नंतर.

मधली शंभर वर्षे भराभर ओलांडायला हरकत नाही. आयझिंग प्रारूपाला, म्हणजे चुंबकाच्या सोप्या गणिती नमुन्याला, एका मितीत अवस्थांतर (एका अवस्थेतून दुसरीत एकदम जाणे) नाही हे 1925 मध्ये कळले, दोन मितींतले अचूक उत्तर 1944 मध्ये मिळाले. 1971 मध्ये पुनर्सामान्यीकरणाचे (टप्प्याटप्प्याने बारीक तपशील पुसत जाण्याचे) तंत्र आले आणि चुंबक व द्रव-वायू यांच्या क्रांतिक बिंदूंपाशी, म्हणजे अवस्था पालटते त्या टोकाशी, बदल किती झपाट्याने होतो हे सांगणारे आकडे, म्हणजे घातांक, सारखेच का सापडतात याचा उलगडा झाला. बारीकसारीक तपशील तिथे गळून पडतात. मिती आणि सममिती तेवढ्या उरतात. पुढच्या साऱ्या आत्मविश्वासाचे मूळ या निकालात आहे. रेणूंचा तपशील गाळूनही घातांक बरोबर येत असेल, तर माणसांचा, पेशींचा, संगणकांचा गाळून काय बिघडते, असा तो हिशेब.

1987 मध्ये वाळूच्या ढिगाचे प्रारूप आले. चौकटींच्या पटावर एकेक कण टाकायचा, एका चौकटीत चार कण साठले की ते चार शेजाऱ्यांना वाटून टाकायचे, एवढाच नियम. बाहेरून काहीही जुळवावे न लागता प्रणाली आपोआप क्रांतिक अवस्थेला पोचते आणि घसरणींच्या आकारांना घात-नियम लागू पडतो : लहान घसरणी पुष्कळ, प्रचंड घसरणी विरळ, आणि त्यांची संख्या आकाराच्या एका ठरावीक घाताने घटत जाते. मग भूकंप, वणवे, शेअर बाजार, जिकडेतिकडे घात-नियम दिसू लागले. खऱ्या वाळूने मात्र फारशी साथ दिली नाही. 1996 मध्ये तांदळाच्या दाण्यांवर प्रयोग झाला. लांब दाण्यांचा ढीग प्रारूपासारखा वागला, आखूड दाण्यांचा वागला नाही. तपशील गळून पडत नाही याचा इतका स्वच्छ दाखला हाताशी असूनही त्याची व्हायला हवी तेवढी चर्चा झाली नाही.

नेटवर्कच्या लाटेपूर्वीची स्थिती ही अशी होती. 1998 मध्ये ‘स्मॉल वर्ल्ड’ (थोड्याच टप्प्यांत कुणीही कुणापर्यंत पोचते अशा जाळ्याचे) प्रारूप आले, आणि 1999 मध्ये तो शोधनिबंध, ज्याच्यावरून आजही दोन तट आहेत. त्याचा दावा असा, की वेब, चित्रपट-कलाकारांचे सहकार्य, वीजवाहिन्या अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या नेटवर्कमध्ये प्रत्येक नोडच्या, म्हणजे जाळ्यातल्या बिंदूच्या, जोडण्यांची संख्या घात-नियम पाळते. कारणही दिले होते : नेटवर्क वाढत असते आणि नवा नोड आधीच भरपूर जोडण्या असलेल्या नोडला जाऊन मिळतो. ही यंत्रणा नवी नव्हती. वनस्पती-प्राण्यांच्या प्रजातींसाठी ती 1925 मध्ये, शब्दांच्या वारंवारतेसाठी 1955 मध्ये आणि शोधनिबंधांच्या संदर्भांसाठी 1976 मध्ये मांडून झाली होती. नवा होता तो आवाका, आणि ‘स्केल-फ्री’ (ज्यात जोडण्यांचे ठरावीक ‘नेहमीचे’ प्रमाण नाही असे) हे लेबल.

त्यातल्या वीजवाहिन्यांच्या उदाहरणापाशी थोडे थांबायला हवे. नोड 4,941, आणि सर्वाधिक जोडण्या असलेल्या नोडच्या जोडण्या 19. आडव्या अक्षावर जोडण्या, उभ्यावर तितक्या जोडण्यांच्या नोडचे प्रमाण, आणि दोन्ही अक्षांवर लघुगणक घेतले, की घात-नियम सरळ रेषा म्हणून दिसतो. इथे ती रेषा आडव्या अक्षावर 1 ते 19 एवढ्याच पल्ल्यात काढायची. घातांक आला 4 च्या आसपास. अशा आलेखात डावीकडचा प्रत्येक बिंदू शेकडो नोडवर उभा असतो, तर उजव्या टोकाला एकेका बिंदूमागे एखाददुसराच नोड उरतो. रेषा बसवताना दोघांना सारखाच मान दिला, की घातांक कुठेही झुकू शकतो. एवढ्या आखूड पल्ल्यात घात-नियम, लॉग-नॉर्मल (ज्यात आकड्यांचे लघुगणक घंटेच्या आकाराच्या वक्रात बसतात) आणि साधी घातांकी घट यांच्यातला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्या काळी रेषा बहुतेक जण डोळ्यांनीच ताडत.

तरीही लेबल चिकटले, कारण त्यातून निघणारे निष्कर्ष जबरदस्त होते. घातांक 2 आणि 3 यांच्या मध्ये असेल, तर नेटवर्क वाढत जाते तशी जोडण्यांच्या वर्गांची सरासरी अमर्याद फुगते. 2001 मध्ये यावरून दाखवले गेले, की अशा नेटवर्कवर साथ पसरण्यासाठी संसर्गदराला किमान उंबरठाच उरत नाही; कितीही मंद विषाणू टिकून राहतो. सरसकट लसीकरणापेक्षा हब, म्हणजे सर्वाधिक जोडण्यांचे नोड, गाठून केलेले लसीकरण परिणामकारक ठरते, हेही त्याच गणितातून आले.

संशय आधी इंटरनेटच्या नकाशांवर घेतला गेला. मोजक्या संगणकांवरून मार्ग शोधत नकाशा काढला, तर जिथे घात-नियम मुळातच नाही अशा नेटवर्कमध्येही तो दिसतो, हे 2005 पर्यंत गणिताने सिद्ध झाले. 2009 मध्ये सांख्यिकीच्या बाजूने काटेकोर चाचणीची पद्धत आली. मग ती पद्धत वापरून जवळपास हजार नेटवर्क तपासली गेली. 2018 मध्ये जाहीर झालेला आणि 2019 मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की सर्वांत कडक निकषावर सुमारे 4 टक्केच नेटवर्क उतरली. बहुतेकांना लॉग-नॉर्मल वितरण तितकेच किंवा अधिक चांगले बसत होते.

भौतिकीवाल्यांचे उत्तर दोन प्रकारचे होते. एक, तपासणीची रीतच चुकीची : दिशा किंवा थर असलेल्या एका नेटवर्कचे अनेक साधे तुकडे पाडायचे आणि बहुतेक तुकडे उत्तीर्ण झाले तरच ते नेटवर्क उत्तीर्ण मानायचे, हे त्यांना मान्य नव्हते. दोन, शुद्ध घात-नियम कोणी मागितलाच नव्हता. वितरणाची शेपटी, म्हणजे खूप जोडण्यांकडचे टोक, दूरवर त्याच्याकडे झुकत असली की पुरे. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे, पण ते देण्यापूर्वीची वीस वर्षे हीच मंडळी रेषा सरळ असल्याचे सांगत होती, हे विसरून चालणार नाही. टीकाकारांच्या बाजूनेही एक गोष्ट निसटते. हब गाठण्याचे धोरण शुद्ध घात-नियमावर अवलंबून नाही. जोडण्यांमध्ये पुरेशी विषमता असली, तर लॉग-नॉर्मल नेटवर्कवरही ते चालते. मोडतो तो फक्त ‘उंबरठाच नाही’ हा टोकाचा दावा, कारण प्रत्यक्षातले कोणतेही नेटवर्क अनंत नसते.

2021 मध्ये बाजू पुन्हा थोडी फिरली. चुंबकांच्या अभ्यासातलेच एक जुने तंत्र, म्हणजे मर्यादित आकारामुळे येणारी विकृती हिशेबात धरण्याचे, नेटवर्कवर वापरले गेले आणि कडक चाचणीत नापास ठरणाऱ्या अनेक नेटवर्कमध्ये घात-नियम त्या विकृतीखाली झाकला गेला आहे, असा दावा पुढे आला. यावर सांख्यिकीवाल्यांचे समाधान झालेले नाही. दरम्यान अनेक तरुण संशोधक दोन-दोन नोडच्या जोडण्या मागे टाकून तीन-चार जणांच्या गटांच्या गणिताकडे वळले आहेत. तिथे एखाद्या सवयीचा किंवा अफवेचा प्रसार हळूहळू वाढत न जाता एका बिंदूला एकदम उसळी घेऊ शकतो, हे 2019 मध्ये दाखवले गेले, आणि त्या निकालाला हबची गरज पडत नाही.