एक इंजिन बंद पडलं की विमान कोसळतं?

"दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन गेलं की विमान कोसळतंच," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती वाटणं स्वाभाविक आहे, पण तसं होत नाही.

सगळ्यात वाईट क्षण धरा: धावपट्टीवर वेग इतका वाढलाय की आता थांबता येणार नाही, आणि नेमकं तेव्हाच इंजिन गेलं. तरीही चाकं आत घेतल्यावर उरलेल्या इंजिनावर किमान २.४ टक्के चढ, म्हणजे १,००० मीटर पुढे जाताना २४ मीटर वर, गाठता यायलाच हवा. त्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला उड्डाणाचं प्रमाणपत्रच मिळत नाही. नाक एका बाजूला वळू लागतं, ते वैमानिक पायाने रडरचं (शेपटीवरच्या उभ्या, हलणाऱ्या पात्याचं) पेडल दाबून सरळ ठेवतो.

पडताळायचंय? उड्डाणांचा थेट नकाशा उघडा, अटलांटिकवरच्या विमानांची मॉडेलं पाहा. बहुतेकांना दोनच इंजिनं आहेत; एक गेल्यावर विमान कोसळत असतं, तर त्यांना समुद्रावरून इतकं दूर जाऊच दिलं नसतं.