खुब्यातली दुर्बीण: वेळ गाठली तरच उपयोग

खुबा झिजायला लागला की बहुतेकदा दुखते ती जांघ, म्हणूनच निदान लांबतं. आधी कमरेचे फोटो निघतात, मग हर्नियाची शंका येते. नेमकं कुठे दुखतं विचारलं, तर रुग्ण अंगठा आणि तर्जनी पसरवून कुल्ह्याची बाजू पंजात धरून दाखवतो. ही खूण डॉक्टरांनी दुर्लक्षू नये.

गुडघ्याच्या मानाने खुब्यात दुर्बीण, म्हणजे सांध्याच्या आत पाहणारी बारीक नळी, घालणं फार अवघड. मांडीच्या हाडाचा गोल माथा वाटीत खोल बसलेला, वरून जाड स्नायूंचं आवरण. न्यूयॉर्कचे डॉक्टर मायकेल बर्मन यांनी 1931 मध्ये मृतदेहांवर प्रयोग करून, माथा आणि वाटी यांच्यामध्ये सुई घालणं अशक्यच आहे, असं लिहून ठेवलं होतं. मार्ग निघाला तो पाय ताणून. भूल दिल्यावर खास टेबलावर पाय ओढतात, सांधा जेमतेम 8-10 मिलिमीटर उघडतो आणि त्या फटीतून 70 अंशांत तिरकं पाहणारी दुर्बीण आत जाते. ताणामुळे नसा दबतात, म्हणून हे काम दोन तासांच्या आत उरकायचं असतं.

आत जे दिसतं ते एमआरआयमध्ये कधी कधी निसटतं. वरून गुळगुळीत दिसणारी कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं मऊ आवरण, बारीक सळीने दाबली की ओल धरलेल्या भिंतीवरच्या रंगासारखी फुगून हलते. म्हणजे ती हाडापासून सुटली आहे. असं का होतं, हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे अस्थिशल्यविशारद राइनहोल्ड गान्झ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलं: माथ्याजवळ हाडाचा उंचवटा असेल, तर मांडी वाकवताना तो वाटीच्या काठावर घासतो. काठाजवळची कूर्चा उखडते, मग काठावरची लॅब्रम ही कडा फाटते. दुर्बिणीतूनच हा उंचवटा घासून काढता येतो, फाटलेली कडा टाक्यांनी बसवता येते.

या शस्त्रक्रियेची फिजिओथेरपीशी तुलना करणाऱ्या, ब्रिटनमधल्या 348 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेचा गट पुढे होता, पण फिजिओथेरपीवाल्यांनाही बरं वाटलं होतं. त्यामुळे आधी काही महिने नेटाने व्यायाम, हेच मला पटतं. पुढची झीज शस्त्रक्रियेने टळते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. दुखत नसेल तर केवळ एक्स-रेत उंचवटा दिसला म्हणून कुणीही टेबलावर जाऊ नये.

पाय न ताणता एक्स-रेत दिसणारी सांध्यातली फट झिजून 2 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर दुर्बिणीचा फायदा फारसा होत नाही. अशा अनेकांना थोड्याच वर्षांत सांधा बदलावा लागतो. शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी एक्स-रे समोर धरून ही फट किती आहे, ते डॉक्टरांना विचाराच.