अडॅप्टर गाडीला लावला, पण फोनला सापडत नाही?

मागच्या पावसाळ्यात राधानगरीकडचे एक गुरुजी आमच्या उद्यमनगरच्या दुकानात आले. आठच दिवसांपूर्वी नेलेला ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारं छोटं यंत्र, बंद पडला म्हणून परत द्यायला, भर पावसात पन्नासेक किलोमीटर गाडी चालवून. त्यांच्याच गाडीत लावून बघितला तर दिवा लख्ख. फोनमधलं लोकेशनचं बटण तेवढं बंद होतं. ते चालू केलं आणि थोड्याच वेळात अ‍ॅपमध्ये इंजिनाचे आरपीएम हलायला लागले. गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्यांची अख्खी सकाळ गेली होती. अडॅप्टर देतानाच आम्ही हे सांगायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक खोक्यात हे पत्रक घालतो. कृपया ते गाडीच्या डॅशबोर्डच्या खणातच ठेवा.

बंद पडला म्हणून परत आलेल्या अडॅप्टरांपैकी बरेचसे चांगले निघतात. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आणि तुमचा फोन यांच्यामध्ये तीन सांधे असतात. सॉकेटमधून अडॅप्टरला मिळणारा करंट हा पहिला. अडॅप्टर आणि फोन यांच्यातलं ब्लूटूथ किंवा वायफाय हा दुसरा. अडॅप्टर आणि ईसीयू यांचं आपसातलं बोलणं हा तिसरा. कुठला सांधा निखळलाय ते आधी शोधा. ते न कळता अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यात आणि फोन रीसेट करण्यात लोकांचे तासन् तास जातात.

दिवाच लागत नसेल तर

अडॅप्टर ज्यात बसतो ते सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतं. काही गाड्यांत त्यावर झाकण असतं. त्यातल्या १६ नंबरच्या पिनेला थेट बॅटरीचा करंट असतो, त्यामुळे बऱ्याच गाड्यांत चावी न फिरवताही अडॅप्टरचा दिवा लागतो. नाही लागला तर आधी अडॅप्टर जोर देऊन पूर्ण आत बसवा. सॉकेट नवं असलं की ते घट्ट असतं आणि भीतीपोटी आपण अर्ध्यावरच थांबतो.

तरीही दिवा नाही? मग सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. अनेक गाड्यांत या दोन्हींना एकच फ्यूज असतो. गांधीनगर बाजारातल्या एका व्यापाऱ्यांच्या गाडीत आम्हाला लायटरच्या भोकात एक रुपयाचं नाणं सापडलं होतं. नाण्याची एक कड काळी पडली होती. शॉर्ट होऊन फ्यूज उडालेला, चार्जर बंद, अडॅप्टरही बंद. नाणं काढून फ्यूज बदलला आणि दोन्ही सुरू. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच टाका. मोठा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात गाडीत पाणी शिरलं असेल तर टॉर्चच्या उजेडात सॉकेटच्या पिना नीट बघा. हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. टाचणीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. पिना वाकतात, शिवाय १६ नंबरची पिन ४ किंवा ५ नंबरला टेकली तर पुन्हा शॉर्ट.

दिवा लागतो, फोनला मात्र सापडत नाही

सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात. तुमच्याकडे कुठला अडॅप्टर आणि कुठला फोन आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे क्लासिक ब्लूटूथच्या अडॅप्टरला अँड्रॉइड फोन जोडायचा असेल तर आधी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पेअर करायचं. पिन नंबर विचारला तर १२३४, नाही चालला तर ००००. पेअर झाल्यावर फोन ‘कनेक्टेड’ असं दाखवणार नाही, त्याची काळजी करू नका. खरी जोडणी अ‍ॅप करतं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन यादीतून अडॅप्टर निवडायचा राहिला तर पेअर होऊनही काही दिसत नाही. ही पायरी बरेच जण विसरतात.

आयफोनवाल्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. क्लासिक ब्लूटूथचे साधे अडॅप्टर आयफोनला चालत नाहीत. अ‍ॅपलचा परवाना नसलेलं असं उपकरण आयफोन अ‍ॅपपर्यंत पोचूच देत नाही. तिथे बीएलई, म्हणजे कमी करंटवर चालणारं नवं ब्लूटूथ, किंवा वायफायचा अडॅप्टर लागतो. बीएलई अडॅप्टर फोनच्या सेटिंगमध्ये पेअर करायचा नसतो. तो थेट अ‍ॅपमधूनच शोधायचा. सेटिंगमध्ये चुकून पेअर केला असेल तर ‘विसरा’ दाबून काढून टाका आणि अ‍ॅपमधून नव्याने सुरुवात करा. काही अडॅप्टरांची दोन नावं दिसतात, एक अँड्रॉइडसाठी आणि एक आयफोनसाठी. आपल्या फोनचंच निवडा.

आता गुरुजींचा प्रश्न. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंतच्या फोनांत आसपासची बीएलई उपकरणं शोधायला अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागते, आणि नुसती परवानगी देऊन भागत नाही, फोनचं लोकेशनही चालू लागतं. ब्लूटूथचा आणि नकाशाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण जवळच्या उपकरणांवरून माणूस कुठे आहे ते कळू शकतं, म्हणून ही अट आली. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी ‘जवळची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी आहे. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना घाईत ‘नको’ दाबलं गेलं असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या नावावर जाऊन परवानगी द्या.

वायफाय अडॅप्टरची अडचण वेगळी असते. तो स्वतःचं छोटं नेटवर्क तयार करतो, पण त्यावर इंटरनेट नसतं. फोनला वाटतं हे वायफाय काही कामाचं नाही, आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. त्यामुळे अ‍ॅप उघडण्याआधी मोबाइल डेटा बंद करा. ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?’ असं फोनने विचारलं तर ‘हो’ म्हणा. अ‍ॅपमध्ये बहुतेक अडॅप्टरांसाठी आयपी १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० टाकायचा असतो. हे आकडे फोनवर इंग्रजीत टाका. आयफोनवर अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिलेली आहे का, तेही बघा.

आणखी एक. अडॅप्टर एका वेळी एकाच फोनशी आणि एकाच अ‍ॅपशी बोलतो. मुलाने त्याच्या फोनवर जोडून बघितला असेल आणि तो फोन मागच्या सीटवर असेल, तर तुमच्या फोनला तो मिळणारच नाही. तुमच्याच फोनमध्ये दुसरं स्कॅनर अ‍ॅप मागे चालू राहिलं असेल तरी हेच होतं.

फोन जोडला जातो, गाडी बोलत नाही

अ‍ॅप म्हणतं अडॅप्टर मिळाला, पण ईसीयू मिळत नाही. पहिलं कारण चावी. चावी ‘ऑन’वर हवी, म्हणजे मीटरमधले दिवे लागलेले हवेत. बटण-स्टार्टच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण साधारण दोनदा दाबावं लागतं. त्यानंतर अर्धा मिनिट धीर धरा. नव्या गाड्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून, कॅन नावाच्या वेगवान जोडणीवर, झटकन बोलतात. जुन्या गाड्या ७ नंबरच्या पिनेवरून, के-लाइन नावाच्या जुन्या संथ जोडणीवर बोलतात आणि त्यांची पहिली ओळख व्हायला वेळ लागतो. त्याआधीच बटणं दाबत राहिलात तर अ‍ॅप दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करतं.

दुसरं कारण गाडीचं वय. भारतात बीएस ४ या प्रदूषण नियमातल्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले बिघाड ठरलेल्या भाषेत सांगण्याची पद्धत, एप्रिल २०१३ पासून लागू झालं, आणि बीएस ४ देशभर सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१७ ला. त्याआधीच्या गाडीत सॉकेट त्याच आकाराचं असलं तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. अशा गाडीसाठी अडॅप्टर घेण्याआधी आम्हाला विचारा. चालणार नसेल तर आम्ही विकणार नाही.

तिसरं कारण अडॅप्टरमधली चिप. गाडीची भाषा फोनला समजावून देणारी ईएलएम ३२७ ही मूळ कॅनडातल्या कंपनीची चिप. बाजारात तिच्या नकला ढिगाने आहेत. ‘१.५’ लिहिलेल्या चिपा सर्रास मिळतात, पण मूळ कंपनीने त्या क्रमांकाची चिप कधी काढलीच नव्हती. काही नकला चांगलं काम करतात. पण स्वस्तातल्या ‘२.१’ लिहिलेल्या कितीतरी नकलांना के-लाइन नीट जमत नाही, हे आम्ही टेबलावर रोज बघतो. आम्ही प्रत्येक अडॅप्टर एका कॅनच्या आणि एका के-लाइनच्या गाडीवर लावून बघूनच देतो.

मध्येच तुटत असेल तर

सेल्फ मारतानाच जोडणी तुटते का, ते बघा. तसं असेल तर अडॅप्टरवर रागावण्याआधी बॅटरी तपासा. उभ्या गाडीत चांगल्या बॅटरीचे १२.६ च्या आसपास व्होल्ट असतात आणि इंजिन चालू झाल्यावर ते साधारण १३.५ ते १४.५ होतात. सेल्फच्या वेळी बॅटरी फार खाली गेली की अडॅप्टर एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणजे तो तुम्हाला बॅटरीचीच खबर देतोय. पन्हाळ्याच्या चढावर स्क्रीन बंद झाल्यावर जोडणी जात असेल, तर फोनच्या बॅटरी सेव्हरमधून त्या अ‍ॅपला सूट द्या. गाडी चालवताना आकडे शेजारच्या माणसाला वाचू द्या.

काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. समजा तो ४० मिलीअँपिअर करंट घेतो, तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास होतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असेल आणि गाडी महिनाभर उभी राहिली, तर सेल्फला फारसं काही उरत नाही. सॉकेटमधून बाहेर आलेला अडॅप्टर क्लचच्या पायालाही लागतो.

मीटरमधला इंजिनाचा चेक लाइट लागला आणि त्याचा बिघाडाचा कोड दिसला तर तो लगेच पुसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या. कोड पुसला की बिघाड झाला त्या क्षणाची नोंदही जाते आणि तुमच्या मिस्त्रींना पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं. कोडमध्ये एखाद्या सेन्सरचं नाव आलं म्हणजे तो सेन्सरच खराब, असंही नसतं. त्याची वायर उंदराने कुरतडलेली असू शकते. तेही मिस्त्रींना बघू द्या.

एवढं करूनही जमलं नाही तर दुकानात या, पण नुसता अडॅप्टर घेऊन येऊ नका. गाडी, तोच फोन आणि त्याचा पासवर्ड माहीत असलेलं घरचं माणूस, तिन्ही सोबत आणा. गाडी दाराशीच लावा. तिथेच लावून बघू.