‘अनोळखी काकांकडून चॉकलेट घेऊ नकोस’ एवढं पुरेसं नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच मेसेज फिरतो: पांढरी व्हॅन, मुलं पळवणारी टोळी, सावध राहा. मुलांना धोका बाहेरच्या माणसाकडून असतो, हा समज आपल्यात इतका मुरलाय की तेवढं बजावलं की आईबाप निर्धास्त.

प्रत्यक्षात पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणीचा सर. ‘मुलग्यांना काय होतंय?’ हेही तसंच खोटं. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. म्हणूनच 2012 चा पोक्सो कायदा 18 वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे.

परवा एका बारशाला चार वर्षांची पोर आईच्या ओढणीमागे लपली होती. ‘अगं, मामाच आहेत, दे एक पापा!’ सगळे हसले. तिचं ‘नाही’ तिथेच मोडलं. (मीही हसले, खोटं कशाला बोलू.) नमस्कार किंवा टाळीवर भागलं असतं की.

तक्रारीची भीती वाटते, तीही थोडी ऐकीवच. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी त्या वेळी गणवेशात असायचं नाही, नाव जाहीर करायला मनाई आहे. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन लावायला पैसे पडत नाहीत.