बँकेचं मूल्यांकन म्हणजे घराची तपासणी नव्हे

घरासाठी कर्ज काढलं की बँक आपला व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, पाठवते. तो येतो, खोल्या बघतो, फोटो काढतो, अहवाल देतो आणि कर्ज मंजूर होतं. घेणाऱ्याला वाटतं, घर एका जाणकाराच्या नजरेखालून गेलं, आता काळजी नाही. व्हॅल्युअरची फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून गेलेली असते, त्यामुळे अहवाल आपल्यासाठी आहे हा समज आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात तो बँकेसाठी असतो. कित्येकदा तर कर्जदाराला त्याची प्रतही मिळत नाही.

बँकेचा प्रश्न एकच असतो: उद्या हप्ते थकले आणि हे घर विकावं लागलं, तर आपले पैसे वसूल होतील का? त्यासाठी व्हॅल्युअर मुख्यतः आजूबाजूला नुकत्याच झालेल्या विक्रीचे आकडे बघतो आणि क्षेत्रफळ, वय, मजला, रस्ता यांतला फरक धरून त्यात कमी-जास्त करतो. तुलनेला तसं घरच सापडलं नाही, तर जमिनीच्या किमतीत आजच्या दराने बांधकामाचा खर्च मिळवतो आणि घसारा, म्हणजे वयामुळे झालेली झीज, वजा करतो. भाड्याने दिलेल्या मालमत्तेचा हिशेब भाड्यावरून होतो. बरंचसं काम टेबलावर बसून उरकतं. काही वेळा व्हॅल्युअर घरात पाऊलही ठेवत नाही. आणि यात गैर काहीच नाही. छत गळणाऱ्या घराचं मूल्यांकनही अगदी अचूक असू शकतं, कारण आहे त्या स्थितीत बाजारात तेवढी किंमत मिळणारच असते. गळती काढायला किती खर्च येईल, हे व्हॅल्युअरला कोणी विचारलेलंच नसतं.

तो प्रश्न तुमचा आहे, आणि त्याचं उत्तर तपासणीतून मिळतं. ती करणारा सर्व्हेअर (जमीन मोजणारा नव्हे, इमारतीची स्थिती तपासणारा) किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर तुम्ही नेमलेला, तुम्हालाच बांधील असलेला हवा.

एका तड्याचं उदाहरण घ्या. गिलाव्यावरची केसाएवढी, एक मिलिमीटरच्या आतली रेघ बहुधा गिलावा सुकताना पडलेली असते. लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की विषय संपतो. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे दिसणारी, खाली अरुंद आणि वर रुंद होत गेलेली भेग दिसली, तर पाया एका बाजूला खचतोय का, हे बघावंच लागतं. रुंदी पाच मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर कारण सापडेपर्यंत व्यवहार पुढे नेऊ नये, असं माझं मत आहे. व्हॅल्युअरच्या फोटोत या दोन्ही भेगा सारख्याच दिसतील.

काँक्रीटचं दुखणं तर याहून आत दडलेलं असतं. चांगल्या काँक्रीटमधल्या अल्कधर्मी वातावरणात सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, ती अल्कता कमी होते आणि सळई गंजायला लागते. गंज लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, म्हणून वरचं काँक्रीट फुगतं आणि त्याचे पोपडे पडतात. हे तपासायची युक्ती साधी आहे: काँक्रीटचा छोटा तुकडा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कता दाखवणारं रसायन फवारतात. निरोगी भाग गडद गुलाबी होतो, बाधित भागाला रंग चढत नाही. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर सळईचं संरक्षण गेलं असं समजावं. मात्र नुसत्या नजरेच्या तपासणीत अशी फोडाफोड होत नाही. ती वेगळी ठरवावी लागते आणि घरमालकाची परवानगीही लागते.

मूल्यांकन आणि तपासणी या दोन कामांमधली दरी १९८९ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिलेल्या एका खटल्यात नेमकी दिसते. कर्जसंस्थेसाठी केलेल्या मूल्यांकनात घराला कोणत्याही अत्यावश्यक दुरुस्तीची गरज नाही, असं लिहिलं होतं. त्यावर विसंबून खरेदीदार बाईंनी वेगळी तपासणी न करता घर घेतलं. पुढे चिमणीच्या (धुराड्याच्या) विटा छतातून खाली कोसळल्या. चिमणीचा पहिल्या मजल्यावरचा भाग आधीच कोणीतरी काढून टाकलेला होता. तो काढलाय हे व्हॅल्युअरने पाहिलं होतं, पण वर उरलेली चिमणी कशावर टेकली आहे, हे त्याने तपासलं नव्हतं. निकाल बाईंच्या बाजूने लागला, पण त्यासाठी सर्वोच्च पातळीपर्यंत लढावं लागलं. स्वतंत्र तपासणीचा खर्च यापुढे किती किरकोळ!

तपासणी किती खोलवर हवी, हे घराकडे बघून ठरवा. ब्रिटनमधल्या आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेने २०२१ पासून लागू केलेल्या मानकात तीन पातळ्या आहेत, आणि ती विभागणी कुठेही उपयोगी पडेल. पहिली म्हणजे ढोबळ नजर, साध्या, अलीकडच्या घरासाठी. दुसरी नेहमीच्या पद्धतीच्या, बऱ्या स्थितीतल्या घरासाठी. तिसरी सर्वांत सखोल. जुनं, वेगळ्याच सामानाचं किंवा भिंती हलवून बदललेलं घर असेल तर तीच घ्यावी. आतल्या भिंती पाडल्याची खूण दिसली तर मी दुसऱ्या पातळीवर भागवणार नाही. कोरं नवं घर असेल तर ताब्याआधी कामातल्या उणिवांची यादी करून घेणं पुरतं. फ्लॅटच्या बाबतीत गच्ची, खांब, टाक्या हे सामाईक भाग तपासणीत धरलेत का, ते आधी विचारा. घराच्या हद्दीबद्दल शंका असेल, तर जमिनीची मोजणी हे मूल्यांकन आणि तपासणी या दोन्हींपेक्षा वेगळं काम आहे.

स्वतःसाठी मूल्यांकनही कधी कधी लागतं: कर्ज न घेता घर घेताना, नात्यात व्यवहार करताना, किंवा मागितलेली किंमत पटत नसताना. बँकेचा आकडा ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आला, तर कर्ज सहसा त्या कमी आकड्यावर मिळतं आणि फरक तुम्हाला भरावा लागतो. अशा वेळी तपासणीचा अहवाल हाती असेल तर किंमत उतरवून घेताना मुद्दे नेमके मांडता येतात.

म्हणून तपासणी पैसे अडकण्याआधी करा. नेमताना कामाची व्याप्ती लेखी घ्या: छतावर जाणार का, वायरिंग आणि नळ बघणार का, काय उघडून बघणार नाही, दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज देणार का. अहवाल आला की त्या माणसाला फोन करा आणि हे घर तो स्वतः घेईल का, ते विचारा.