ख्रिस्ती शास्त्राभ्यास (सोलापूर)

पवित्र शास्त्राचा (बायबलचा) एखादा उतारा मिळून वाचायचा आणि प्रश्न विचारत त्याचा अर्थ लावायचा, अशी ख्रिस्ती मंडळ्यांतील (चर्चमधील) रीत. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम सुरू केले. याच मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक १८४२ पासून निघत होते. शहर बहुभाषी असल्याने काही घरांत मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड शास्त्रही उघडले जाते.

अभ्यास मंडळीत किंवा घरच्या प्रार्थनासभेत होतो. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) अथवा मंडळीतील एखादे वडीलधारे उतारा सांगतात, बाकीचे आळीपाळीने वचने वाचतात. देव एकच आणि येशूही देवच, तर अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत तो कोणाची प्रार्थना करत होता, हा प्रश्न तरुणांकडून हमखास येतो. तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय वाचतात. तिथे फिलिप्प हा शिष्य ‘पिता दाखवा’ म्हणतो आणि ज्याने मला पाहिले त्याने पित्याला पाहिले, असे येशू सांगतो.

देवाचे स्वरूप शास्त्रात पुष्कळदा प्रश्नांतूनच उलगडते. उत्पत्ति १८ मध्ये देव नाश करणार असलेल्या सदोम नगरासाठी अब्राहाम रदबदली करतो, ते वाचवायला लागणाऱ्या नीतिमानांची संख्या ५० वरून १० पर्यंत खाली आणतो. देव एकदाही रागावत नाही. त्याचा न्याय आणि त्याची दया एकाच संवादात दिसतात. दोष नसताना सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे प्रकरण याहून कठीण. देव वावटळीतून बोलतो खरा, पण उलट प्रश्नच विचारतो. दुःखाचे कारण सांगतच नाही. तरीही ईयोब ४२:७ मध्ये दोष लागतो तो देवाची बाजू घेऊन ठरीव उत्तरे देणाऱ्या मित्रांना, तक्रार करणाऱ्या ईयोबाला नाही. या वचनावर जितके थांबावे तितके थोडेच. शोकात असलेल्या घरी जाणाऱ्याने तर ते आधी वाचून जावे.

याकोब १:५ नुसार ज्याला ज्ञान उणे असेल त्याने देवाजवळ मागावे. तो दोष न लावता देतो. मग लूक १ मध्ये, मुलगा होईल या देवदूताच्या निरोपावर प्रश्न विचारणारा वृद्ध याजक जखऱ्या मुका का होतो? येशूची आई मरिया हिचाही प्रश्न जवळपास तसाच, पण तिला उत्तर मिळते. जखऱ्याने पुरावा मागितला, मरियेने हे कसे घडेल एवढेच विचारले, असे सहसा सांगतात. पण इस्राएलाचा पुढारी गिदोन याने लोकरीवर दोनदा चिन्ह मागितले आणि दोन्ही वेळा त्याला ते मिळाले (शास्ते ६). त्यामुळे एवढ्या स्पष्टीकरणाने भागत नाही. जाणता पाळक इथे नियम सांगत नाही. तिन्ही उतारे पुन्हा वाचायला लावतो.