एक खंडाळा घाटमाथ्यावर, एक पायथ्याशी

गेल्या उन्हाळ्यात मावसभावाच्या लग्नाच्या पत्रिकेवर ठळक अक्षरात नुसतंच ‘खंडाळा’ छापलं होतं. मुंबईकडची एक गाडी बोरघाट चढून वर आली आणि तासभर कार्यालय शोधत फिरली. कार्यालय होतं सातारा जिल्ह्यात, तिथून सव्वाशे किलोमीटरवर! चूक त्यांची नव्हतीच. दोन्ही खंडाळे एकाच मुंबई–बंगळूर महामार्गावर (पूर्वीचा ४, आताचा ४८), आणि दोन्ही पुण्यापासून साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर. फक्त एक मुंबईच्या बाजूला, दुसरा साताऱ्याच्या.

खरा फरक घाटात आहे. मुंबईहून येताना आधी घाट चढायचा, मग खंडाळा लागतो. पुण्याहून साताऱ्याला जाताना आधी खंडाळा लागतो आणि मग समोर खंबाटकी उभा राहतो.

मुंबईच्या बाजूचा, मावळातला खंडाळा नावारूपाला आला तो बोरघाटाच्या चढामुळे. १८३० मध्ये बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी धावू लागली, पण घाटात रूळच नव्हते. मुंबईचा उतारू खंडाळ्याला उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट उतरायचा आणि खाली पुन्हा गाडी धरायचा. पाच वर्षं हे असंच चाललं. घाटातल्या लोहमार्गाचा ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. पुढे त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका चालवला आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ. या कामात हजारो मजूर पटकीने आणि अपघाताने गेले. आज आपण गाडीच्या खिडकीतून धबधबे बघतो तेव्हा त्यांचीही आठवण यावी असं मला मनापासून वाटतं.

साताऱ्याकडचा खंडाळा थंड हवेचा नाही आणि तिथे कुणी सहलीला जात नाही. तो तालुक्याचा गाव. तहसील कचेरी आहे, भोवताली शेतं आहेत, आणि पुण्याकडे येताना नीरा नदीच्या अलीकडे शिरवळचे कारखाने. पारगाव शेजारीच, म्हणून जुनी माणसं ‘पारगाव-खंडाळा’ म्हणतात. तेवढं पत्रिकेवर छापलं असतं तरी भागलं असतं. याच तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. एवढी मोठी ओळख असूनही ‘खंडाळा’ म्हटलं की लोकांना आधी चिक्की आठवते, याचं मला वाईट वाटतं.

इथला घाटही वेगळ्या रीतीचा. पुण्याकडून जाणारी वाहनं वर्षानुवर्षं जुना घाट चढत आली, आणि साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून. सुट्टीच्या दिवशी चढावर बॉनेट उघडं टाकून, हातात पाण्याची बाटली घेऊन इंजिन गार व्हायची वाट बघत उभी असलेली माणसं हमखास दिसतात.

रेल्वेच्या तिकिटावर ‘खंडाळा’ असेल तर तो मावळातलाच. साताऱ्याकडच्या खंडाळ्यात स्टेशन नाही. त्या तालुक्यातलं स्टेशन लोणंदला, पुणे–मिरज मार्गावर. एसटीने जायचं तर स्वारगेटला सातारा गाडीत बसा आणि कंडक्टरला सांगा, “पारगाव-खंडाळा, खंबाटकीच्या अलीकडे.”